पायांशिवायच्या आयसी पॅकेजची मापं आणि टॉलरन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्यूएफएन (चारही बाजूंना टर्मिनलं असलेलं पायांशिवायचं पॅकेज), डीएफएन (तसंच, पण दोनच बाजूंना टर्मिनलं असलेलं) आणि त्यांच्या भावंडांबद्दल बोर्ड डिझाइन करणारे, असेम्ब्ली लाइनवरचे आणि इनकमिंग इन्स्पेक्शनमधले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मापं सगळी मिलिमीटरमध्ये आहेत. उदाहरणासाठी शक्यतो एकच पॅकेज घेतलं आहे: ५ × ५ चं, ०.५ पिचचं (पिच म्हणजे शेजारच्या दोन टर्मिनलांच्या मध्यांमधलं अंतर), ३२ टर्मिनलांचं क्यूएफएन. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील, पण प्रश्न ५ आधी वाचलात तर पुढचं बरंच सोपं जाईल.

१. क्यूएफएनला पायच नाहीत, म्हणजे वाकायला काही नाही. मग टॉलरन्सची (मापात चालणाऱ्या फरकाची) एवढी काळजी कशाला?

पाय नाहीत म्हणूनच. क्यूएफपीचे (चारही बाजूंना पाय असलेल्या पॅकेजचे) पाय बाहेर काढून वळवलेले आणि थोडे लवचिक असतात. एखादा पाय किंचित वर राहिला किंवा बोर्ड तापून फुगला, तरी ते थोडंफार सांभाळून घेतात. क्यूएफएनचं टर्मिनल म्हणजे मोल्डच्या (चिपभोवती ओतलेल्या प्लास्टिकच्या) तळाशी उघडा राहिलेला लीडफ्रेमचा (आतल्या तांब्याच्या कोरीव पत्र्याचा) तुकडा. तो आणि बोर्ड यांच्यामध्ये असतो फक्त सोल्डरचा थर. हा थर ०.०५ ते ०.०७५ जाडीचा राहावा, असं बहुतेक उत्पादकांच्या मार्गदर्शक टिपांत सांगितलेलं असतं. पॅकेजची चूक, बोर्डाची चूक आणि तापमानाचा ताण, सगळं या एवढ्याशा थराला पचवावं लागतं. शिवाय सांधा पोटाखाली असल्यामुळे वरून बघून चूक पकडता येत नाही.

२. ड्रॉइंगमधल्या ए, ए१, बी, डी२ या अक्षरांचा अर्थ काय?

ही अक्षरं जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या पद्धतीतली आहेत आणि बहुतेक उत्पादक तीच वापरतात. ए म्हणजे बोर्डावर टेकल्यानंतरची पॅकेजची एकूण उंची. ए१ म्हणजे टेकण्याच्या पातळीपासून मोल्डच्या तळापर्यंतचं अंतर, म्हणजे धातू मोल्डच्या किती खाली आला आहे ते. ए३ ही लीडफ्रेमची जाडी. डी आणि मोठा ई म्हणजे पॅकेजची लांबी-रुंदी. डी२ आणि ई२ म्हणजे पोटाखालच्या मोठ्या उघड्या पॅडची. छोटा ई म्हणजे पिच, बी म्हणजे टर्मिनलची रुंदी, एल म्हणजे त्याची लांबी आणि के म्हणजे टर्मिनलचं आतलं टोक आणि मधला पॅड यांच्यातली फट.

आपल्या उदाहरणाच्या पॅकेजला साधारण असे आकडे दिसतील: ए ०.८० ते १.००, ए१ ०.०० ते ०.०५, ए३ ०.२०; बी किमान ०.१८, नॉमिनल ०.२५, कमाल ०.३०; एल ०.३० ते ०.५०, के किमान ०.२०. इथे बी नीट बघा. नॉमिनलच्या खाली ०.०७ आणि वर ०.०५ एवढी मोकळीक आहे, म्हणजे नॉमिनल माप कक्षेच्या बरोबर मध्ये नाही. फूटप्रिंटच्या (बोर्डावरच्या पॅडांच्या आराखड्याच्या) हिशेबात नॉमिनल धरून दोन्हीकडे सारखी टॉलरन्स लावणारे इथेच चुकतात.

३. काही मापांपुढे ‘बीएससी’ किंवा ‘आरईएफ’ लिहिलेलं असतं आणि किमान-कमाल रकाने रिकामे असतात. त्या मापांना टॉलरन्स नाही का?

बीएससी म्हणजे बेसिक माप. ते आदर्श जागा सांगतं. त्या जागेपासून किती सरकायला परवानगी आहे, ते वेगळ्या चौकटीत दिलेलं असतं (प्रश्न ७ पाहा). पिच जवळजवळ नेहमी बीएससी असते. ०.५० पिचला स्वतःची टॉलरन्स दिली असती, तर आठ टर्मिनलांच्या ओळीत ती सात वेळा साचत गेली असती. बेसिक माप दिल्यामुळे प्रत्येक टर्मिनलचा हिशेब स्वतंत्रपणे आपल्या आदर्श जागेपासून होतो, शेजाऱ्यापासून नाही.

आरईएफ म्हणजे माहितीपुरतं माप. ते तपासायचं नाही आणि त्यावर माल नाकारायचाही नाही. ए३ असंच असतं. तयार पॅकेज न कापता लीडफ्रेमची जाडी मोजता येत नाही. काही उत्पादक ही मापं नुसती कंसात टाकतात, अर्थ तोच.

४. व्हीक्यूएफएन, डब्ल्यूक्यूएफएन, यूक्यूएफएन यांत फरक काय?

फक्त उंचीचा. व्ही म्हणजे ए ची कमाल १.०० पर्यंत, डब्ल्यू ०.८० पर्यंत, यू ०.६५ पर्यंत आणि एक्स ०.५० पर्यंत. तळाची मापं त्यामुळे आपोआप बदलत नाहीत. मात्र पातळ पॅकेजमध्ये लीडफ्रेमही पातळ असू शकते, तेव्हा ए३ बघून घ्या.

५. या टॉलरन्स ठरतात कशावरून? उत्पादक मनाला येईल ते आकडे टाकतात का?

नाही. माझ्या मते हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तक्त्यातला प्रत्येक आकडा कारखान्यातल्या एखाद्या विशिष्ट पायरीवर जन्माला येतो. कुठला आकडा कुठल्या पायरीचा, हे कळलं की कोणत्या टॉलरन्सची बेरीज करायची आणि कोणत्यांची नाही, हे आपसूक समजतं.

सुरुवात तांब्याच्या पत्र्यापासून होते. नेहमीच्या क्यूएफएनसाठी तो ०.२०३ जाडीचा, म्हणजे आठ मिलचा असतो. त्यावर रसायनाने कोरून टर्मिनलं आणि मधला पॅड तयार होतो. एकाच फोटोमास्कमधून सगळी नक्षी उमटत असल्यामुळे टर्मिनलांची आपापसातली जागा फार अचूक येते. रुंदी थोडी हलते, कारण रसायन खाली खात जातं तसं बाजूलाही खातं. टर्मिनलचं आतलं टोक खालच्या बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत कोरलेलं असतं. मोल्डचं प्लास्टिक त्या खोबणीत शिरून टर्मिनलला घट्ट धरतं. पण या अर्धवट कोरलेल्या भागाची कडा गोलसर असते, म्हणून एल चं आतलं टोक बी च्या कडेइतकं टोकदार दिसत नाही.

मग लीडफ्रेमच्या खाली उष्णता सोसणारी चिकटपट्टी लावून वर मोल्ड ओततात. प्लास्टिक धातूच्या तळावर पसरू नये म्हणून ही पट्टी असते. दाबाखाली धातू पट्टीत किंचित रुततो आणि पट्टी काढल्यावर मोल्डच्या पातळीपेक्षा थोडा खाली उरतो. ए१ चे ते ०.०२ च्या आसपासचे आकडे इथून येतात. त्यावर कथलाचा मुलामा चढला तर त्याची जाडी त्यात मिसळते. एकूण उंची ए ठरते मोल्डच्या साच्यावरून.

शेवटी पंक्तींमध्ये साचवलेली ती मोठी पाटी हिऱ्याच्या पात्याने कापून एकेक पॅकेज सुटं करतात. डी आणि मोठा ई या पात्याची देणगी आहे. आणि टर्मिनलचं बाहेरचं टोकही तेच पातं कापत असल्यामुळे एल चं एक टोक करवतीचं, दुसरं रसायनाचं.

६. सॉ आणि पंच प्रकारात मापांचा काय फरक पडतो?

सॉ प्रकारात अनेक पॅकेज एकाच मोठ्या ठोकळ्यात मोल्ड होतात आणि पात्याने कापली जातात, म्हणून त्यांच्या बाजू सरळ उभ्या असतात. पंच प्रकारात प्रत्येक पॅकेजचा साचा वेगळा असतो आणि ते डायने तोडून काढतात. साच्यातून सुटावं म्हणून त्याच्या बाजू वर निमुळत्या असतात. त्यामुळे अशा ड्रॉइंगमध्ये डी बरोबर डी१ हे माप दिसतं: डी तळाशी, डी१ वरच्या मोल्डचं, थोडं लहान. कोर्टयार्ड (पॅकेजभोवती बोर्डावर मोकळी ठेवायची जागा) काढताना डी घ्या. पिक-अँड-प्लेस मशीन वरून कॅमेऱ्याने बघणार असेल, तर त्याला दिसणारं शरीर डी१ चं असतं, हे लायब्ररी बनवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

७. एएए, बीबीबी, सीसीसी, डीडीडी, ईईई ही तिहेरी अक्षरं कशाची?

ही जागा आणि आकार यांच्या टॉलरन्सची अक्षरं. ती वाचण्याचा नियम एएसएमई वाय१४.५ या मानकातला. क्यूएफएनच्या ड्रॉइंगमध्ये सी हा संदर्भ म्हणजे पॅकेज टेकतं ती पातळी. ए आणि बी हे संदर्भ (प्रश्न २ मधली त्याच नावांची मापं नव्हेत) म्हणजे शरीराच्या कडांवरून काढलेले मध्य. एएए शरीराच्या बाह्यरेषेसाठी, सीसीसी वरचा पृष्ठभाग तळाला किती समांतर आहे यासाठी, ईईई सगळ्या टर्मिनलांचा तळ एका पातळीत असण्यासाठी, म्हणजे कोप्लॅनॅरिटीसाठी (प्रश्न ८). नेहमी आढळणारा ईईई चा आकडा ०.०८.

बीबीबी आणि डीडीडी ही जोडी मात्र थांबून बघण्यासारखी आहे. दोन्ही टर्मिनलांच्या जागेसाठीच आहेत, पण बीबीबी ०.१० असतो आणि डीडीडी ०.०५. पहिला शरीराच्या मध्याच्या तुलनेत, दुसरा टर्मिनलांच्या आपापसातल्या जागेसाठी. एकाच वस्तूला दोन आकडे का? उत्तर प्रश्न ५ मध्येच आहे. टर्मिनलं एका पत्र्यावर एकत्र कोरली गेली, म्हणून आपापसात घट्ट. शरीराची कड नंतर करवतीने ठरली, म्हणून त्या कडेच्या तुलनेत सैल. यातून एक थेट उपयोगाची गोष्ट निघते: प्लेसमेंट मशीनला पॅकेज शरीराच्या बाह्यरेषेवरून केंद्रित करायला सांगू नका, खालच्या टर्मिनलांवरून सांगा. बाह्यरेषेवरून केंद्रित केलंत, तर पात्याची सगळी चूक तुम्ही विनाकारण बोर्डावर आणता.

काही ड्रॉइंगमध्ये या आकड्यांपुढे वर्तुळात एम असतो. म्हणजे दिलेली मोकळीक टर्मिनल कमाल रुंदीचं असतानाची आहे; टर्मिनल अरुंद निघालं तर तेवढी जास्त मिळते. बी ०.३० असताना ०.१० मिळत असेल, तर बी ०.२० असताना ०.२० मिळेल. जुळणीच्या दृष्टीने हे योग्यच आहे. अरुंद टर्मिनल थोडं सरकलं तरी शेजाऱ्याच्या हद्दीत जात नाही.

८. कोप्लॅनॅरिटी ०.०८ आणि सोल्डरचा थर ०.०५. मग वर राहिलेलं टर्मिनल जोडलं कसं जातं?

कारण जुळणी होते सोल्डर पेस्टच्या (सोल्डरच्या भुकटीच्या लगद्याच्या) उंचीवर, वितळून थिजलेल्या सोल्डरच्या जाडीवर नाही. ०.१२५ जाडीच्या स्टेन्सिलने (पेस्ट छापायच्या खिडक्या असलेल्या पत्र्याने) पेस्ट साधारण ०.१२५ उंच पडते. त्यात धातू आकारमानाने निम्माच, म्हणून वितळल्यावर थर ०.०६ च्या आसपास येतो. पण पॅकेज ठेवलं जातं तेव्हा ०.०८ वर असलेलं टर्मिनलही पेस्टला टेकतं, आणि एकदा ओलावलं की सोल्डर त्याला ओढून घेतं.

आता यात बोर्ड मिळवा. पृष्ठभागावर घटक बसवायच्या बोर्डाला आयपीसी या संस्थेच्या मानकांनुसार ०.७५ टक्के वाक चालतो. ५ मिमीच्या लांबीत तो ०.०३७५ होतो. ०.०८ अधिक ०.०३७५ म्हणजे ०.११७५. स्टेन्सिल ०.१२५ असेल तर वाईटातल्या वाईट परिस्थितीतही टर्मिनल पेस्टपर्यंत पोचतं. स्टेन्सिल ०.१० केली की पोचत नाही. बारीक पिचसाठी स्टेन्सिल पातळ करायचा आग्रह धरताना हा हिशेब डोळ्यासमोर असू द्या. प्रत्यक्षात दोन्ही चुका एकाच वेळी टोकाला जाणं क्वचित घडतं, पण मोठ्या उत्पादनात क्वचित म्हणजे रोज थोडं.

एक बारकावा: ०.०८ चा नियम टर्मिनलांबरोबर मधल्या पॅडलाही लागू असतो. बऱ्याच ड्रॉइंगच्या टिपेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

९. ए१ ०.०० आला तर माल नाकारायचा का? टर्मिनल मोल्डच्या बरोबरीने आहे म्हणजे ते टेकणारच नाही ना?

नाकारायचा नाही. शून्य हे किमान माप म्हणून छापलेलंच आहे. टर्मिनल मोल्डशी अगदी समपातळीत असलं, तरी पेस्ट वर उठलेली असते आणि वितळलेलं सोल्डर पॅकेजला उचलून धरतं. चिंता करायची ती टर्मिनल मोल्डच्या आत गेलेलं असेल तर, म्हणजे ए१ ऋण असेल तर. ते ड्रॉइंगच्या बाहेर आहे आणि तेव्हा मोल्डचा पातळ पापुद्रा धातूवर आलाय का, तेही भिंगाखाली बघा.

१०. फूटप्रिंट काढताना किमान मापं घ्यायची की कमाल?

मापानुसार. आयपीसी-७३५१ ची पद्धत अशी: बाहेरची कड काढताना शरीराचं किमान माप घेऊन त्यात बाहेरच्या सोल्डरची जागा आणि टॉलरन्सचं वर्गमूळ-बेरजेचं अंतर मिळवायचं. आपल्या पॅकेजचं डी ४.९० ते ५.१० आहे. नॉमिनल घनतेला (पॅडांच्या मधल्या आकाराच्या पर्यायाला) बाहेरच्या बाजूला प्रत्येकी ०.३० हवेत. पॅकेजची टॉलरन्स ०.२०, बोर्डाची ०.०५ आणि मशीनची ०.०५ धरली, तर तिन्हींच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.२१. म्हणून समोरासमोरच्या पॅडांच्या बाहेरच्या कडा ४.९० + ०.६० + ०.२१ = ५.७१ वर येतात.

सरळ बेरीज न करता वर्गमूळ का, असंही विचारलं जातं. तिन्ही चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर त्या सगळ्या एकाच दिशेने टोकाला जाण्याची शक्यता फार कमी, म्हणून. ‘अवलंबून नसतील तर’ ही अट विसरू नका. ती मोडते कुठे, ते पुढच्या प्रश्नात.

११. मी वर्स्ट केस काढला तर के ०.२० च्या खाली जातो, पण ड्रॉइंगमध्ये के किमान ०.२० लिहिलंय. चूक कोणाची?

कोणाचीच नाही, पण हिशेब चुकीच्या मापांपासून सुरू झाला आहे. तो असा केला जातो: डी किमान ४.९०, त्यातून दोन एल कमाल, म्हणजे १.०० वजा केले की टर्मिनलांच्या आतल्या टोकांमधलं अंतर ३.९०. डी२ कमाल ३.५५. उरलेल्या ०.३५ चे दोन भाग केले की प्रत्येक बाजूला ०.१७५. नॉमिनल मापांनी (डी ५.००, एल ०.४०, डी२ ३.४५) हीच फट ०.३७५ येते.

करवतीचं पातं दोन्ही बाजूंना ०.०५ बाहेर गेलं, असं समजा. डी ०.१० ने वाढेल, पण प्रत्येक एल ही ०.०५ ने वाढेल, कारण टर्मिनल कापणारं पातं तेच आहे. आतली टोकं जागची हलली नाहीत. पातं आत आलं तर दोन्ही मापं एकदम कमी होतील. म्हणजे डी आणि एल एकमेकांना धरून चालतात. डी सगळ्यात लहान आणि एल सगळ्यात मोठं एकाच वेळी मिळण्यासाठी टर्मिनलचं आतलं टोक कोरण्यातच ०.१५ आत सरकलेलं असायला हवं, आणि ०.२ जाडीच्या तांब्यावर कोरीव काम इतकं भरकटत नाही. के ची दोन्ही टोकं एकाच कोरीव कामातून येतात, करवतीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून उत्पादक के ची किमान मर्यादा वेगळी लिहून देतो, आणि तुम्ही तीच धरायची. इथे वर्गमूळ-बेरीजही नेमकी लागू होत नाही, ती टर्मिनलांच्या आतल्या टोकांमधल्या अंतराला ४.०३ ते ४.३७ अशी कक्षा देते, पण खरी कक्षा त्याहूनही अरुंद असते.

अपवाद: ज्या ड्रॉइंगमध्ये के दिलेलंच नाही, तिथे उत्पादकाला विचारा. गृहीत धरू नका.

१२. दोन कंपन्यांचं ‘क्यूएफएन-३२, ५ × ५’ एकमेकांच्या जागी चालेल का?

टर्मिनलांपुरतं बहुधा चालेल, पोटाखालच्या पॅडबद्दल खात्री नाही. जेडेकच्या एमओ-२२० या मानकात पॅकेजला सांकेतिक अक्षरं असतात. ५ × ५, ०.५ पिच आणि ३२ टर्मिनलं म्हणजे व्हीएचएचडी-२. हे अक्षर जुळलं की शरीर, पिच, टर्मिनलांची संख्या जुळते. पण डी२ आणि ई२ आत बसणाऱ्या चिपच्या आकारावर ठरतात आणि उत्पादकागणिक, कधी एकाच उत्पादकाच्या दोन आयसींतही, वेगळे असतात. मोठ्या पॅडसाठी काढलेल्या फूटप्रिंटवर लहान पॅडचं पॅकेज ठेवलं, तर बोर्डाचा पॅड पॅकेजच्या पॅडबाहेर डोकावतो आणि टर्मिनलांच्या आतल्या टोकांकडे सरकतो. पर्यायी सोर्स मंजूर करताना आधी डी२ आणि के बघा, मग बाकीचं.

१३. जेडेकचा आकडा आणि डेटाशीटचा आकडा वेगळा आहे. कुठला खरा?

डेटाशीटमधलं पॅकेज ड्रॉइंग. जेडेक एक कुटुंब ठरवतं; उत्पादक त्याच्या आत राहतो किंवा ‘अमुक मापाचा अपवाद’ असं टिपेत लिहून बाहेर जातो. ही टीप बारीक अक्षरात असते. ती न वाचता एमओ-२२० वरून इन्स्पेक्शन शीट तयार केलं, तर चांगला माल परत जातो.

१४. मोजायचं कशाने? व्हर्निअर चालेल?

डी आणि मोठा ई साठी ०.०२ लीस्ट काउंटचं व्हर्निअर अंदाज घेण्यापुरतं चालेल, उंचीसाठी मायक्रोमीटर बरा. बी, एल, डी२ साठी व्हिडिओ मेजरिंग मशीनच लागतं. बी ची संपूर्ण कक्षा ०.१२ आहे, मोजमापाची अनिश्चितता त्याच्या दहाव्या भागाइतकी ठेवायची, तर ०.०१ च्या आसपास अचूकता हवी.

बी कुठे मोजायचं, हे ड्रॉइंगची टीप सांगते: टर्मिनलच्या बाहेरच्या टोकापासून ०.१५ ते ०.३० च्या पट्ट्यात. टोकाशी मोजू नका, कारण पातं मऊ तांबं किंचित ओढत नेतं आणि कापलेल्या कडेला टर्मिनल रुंद दिसतं. आतल्या बाजूला गोलाई असेल तर तिच्यातही मोजू नका.

प्रकाशाकडे लक्ष द्या. कथलाचा मुलामा खरबरीत आणि चमकदार, मोल्ड काळा. वरून सरळ पडणाऱ्या उजेडात धातूची कड जिथे दिसते, तिथे तिरक्या वर्तुळाकार उजेडात दिसेलच असं नाही. पुरवठादार आणि तुम्ही वेगवेगळ्या उजेडात मोजत असाल, तर वाद मापाचा नसून दिव्याचा असतो. पद्धती दोघांनी मिळून लेखी ठरवाव्यात.

१५. रिफ्लोनंतर (भट्टीत पेस्ट वितळवून सांधे झाल्यावर) बाजूने बघितलं तर टर्मिनलच्या उभ्या कडेवर सोल्डर चढलेलं नाही. रिजेक्ट?

साध्या सॉ क्यूएफएनमध्ये नाही. पात्याने कापलेली ती कड नागव्या तांब्याची असते, मुलामा आधीच चढवून झालेला असतो. कापल्यावर तिच्यावर ऑक्साइड धरतं. तिथे सोल्डर चढेल याची हमी कोणी देत नाही. खालचा सांधा चांगला असू शकतो.

पुणे-चाकण पट्ट्यात वाहनांचे बोर्ड जोडणाऱ्या अनेकांना मात्र एओआयने (कॅमेऱ्याने होणाऱ्या आपोआप तपासणीत) सांधा दिसायलाच हवा असतो. त्यांच्यासाठी वेटेबल फ्लँकची, म्हणजे उभ्या कडेवरही सोल्डर चढेल अशी, पॅकेजेस आहेत. एका पद्धतीत रुंद पात्याने अर्धवट काप घेतात, मुलामा चढवतात आणि मग अरुंद पात्याने पूर्ण कापतात, त्यामुळे कडेला पायरी राहते. दुसऱ्या पद्धतीत लीडफ्रेममध्येच खळगा कोरून ठेवतात. पायरीच्या पॅकेजमध्ये तळाची रुंदी वरच्या शरीरापेक्षा कमी असते आणि तळाशी दिसणारं एल पायरीइतकं आखूड होतं. तेव्हा साध्या पॅकेजचं फूटप्रिंट तसंच उचलण्याआधी डी कुठल्या पातळीवर दिलाय, ते तपासा.

१६. माझ्या पॅकेजमध्ये टर्मिनल कडेपर्यंत पोचतच नाही. नमुना सदोष आहे का?

नाही, हा पुल-बॅक प्रकार. टर्मिनल कडेपासून ०.१ च्या आसपास आत थांबतं आणि मध्ये मोल्ड असतं. इथे करवतीचं पातं टर्मिनलला शिवत नाही, म्हणून प्रश्न ११ मधलं डी-एल चं नातं लागू होत नाही. एल ची दोन्ही टोकं कोरलेली असतात. बाहेर सोल्डरचा उतार मिळण्याची आशाही ठेवू नका.

१७. कोपऱ्यात एक जास्तीचा तांब्याचा ठिपका दिसतो. त्याला पिन नंबर नाही. तो काय आहे?

टाय बार. मोल्ड होईपर्यंत मधल्या पॅडला चारही कोपऱ्यांनी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचं कापलेलं टोक. तो मधल्या पॅडला जोडलेला असतो, म्हणजे बहुधा ग्राउंडला. काही पॅकेजेसमध्ये तो तळाशीही उघडा असतो. कोपऱ्याखालून उघडा ट्रॅक किंवा व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं मुलामा दिलेलं भोक) नेऊ नका. मास्कवर (बोर्डावरच्या सोल्डर रोखणाऱ्या थरावर) विसंबणंही मला धोक्याचं वाटतं.

१८. ०.४ पिचला टॉलरन्स त्याच प्रमाणात कमी होतात का?

होत नाहीत, आणि अडचण तिथेच आहे. पिच वीस टक्के कमी झाली, पण बी ०.१५ ते ०.२५ असतं, म्हणजे कक्षा ०.१० ची, जवळपास पूर्वीइतकीच. दोन टर्मिनलांमधली किमान फट ०.२० वरून ०.१५ वर येते. बोर्डाचा पॅड ०.२० ठेवला आणि मास्क दोन्हीकडे ०.०५ मागे घेतला, तर मध्ये मास्कची ०.१० ची पट्टी उरते, पॅड ०.२५ केला तर ०.०५, जी बहुतेक बोर्ड बनवणारे टिकवू शकत नाहीत.

स्टेन्सिलचं गणितही आवळतं. ०.२० × ०.६० च्या खिडकीचं क्षेत्र-गुणोत्तर (खिडकीचं क्षेत्र भागिले तिच्या भिंतींचं क्षेत्र) ०.१२५ च्या स्टेन्सिलला ०.६० येतं, म्हणजे ०.६६ च्या नेहमीच्या मर्यादेखाली, ०.१० ला ०.७५ येतं. म्हणून स्टेन्सिल पातळ करावी लागते आणि मग प्रश्न ८ मधली कोप्लॅनॅरिटीची अडचण दारात उभी राहते. जागेची खरोखर गरज नसेल तर ०.५ पिचचाच पर्याय निवडा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

१९. मधल्या पॅडवर भरपूर पेस्ट टाकली तर उंचीची टॉलरन्स भरून निघेल का?

उलट होईल. मोठ्या पॅडवरचं सोल्डर पॅकेजला उचलून धरतं, ते तिरकं होतं आणि एका बाजूची टर्मिनलं उघडी पडतात. पॅडवरची खिडकी लहान लहान चौकोनांत विभागून क्षेत्राच्या ५० ते ८० टक्केच पेस्ट टाका. ०.१२५ च्या स्टेन्सिलला ८० टक्के म्हणजे वितळल्यावर सरासरी ०.०५ चा थर. टर्मिनलांखालच्या थराशी तो जुळतो. व्हाया उघड्या असतील तर त्या सोल्डर गिळतात, हेही हिशेबात धरा.

२०. ड्रॉइंगची मापं रिफ्लोच्या तापमानाला बदलतात. तेव्हाची टॉलरन्स कुठे मिळेल?

ड्रॉइंगची मापं, वेगळं लिहिलं नसेल तर, २० अंश सेल्सिअसची. २६० अंशांपर्यंत तांबं ५ मिमीत सुमारे ०.०२ वाढतं, पण बोर्डही आडव्या दिशेने जवळपास तेवढाच वाढतो, म्हणून जागेचा प्रश्न फारसा येत नाही. येतो तो वाकण्याचा. मोठ्या आणि पातळ पॅकेजमध्ये मोल्ड आणि तांबं वेगवेगळं प्रसरण पावल्याने तळ कमानीसारखा होतो. खोलीच्या तापमानाला मोजलेली कोप्लॅनॅरिटी हे सांगत नाही. तापवून वाक मोजण्याची पद्धत जेडेकच्या जेईएसडी२२-बी११२ मध्ये आहे. मोठं पॅकेज वापरत असाल तर उत्पादकाकडे तो अहवाल मागा.

२१. एका नमुन्यात बी ०.३१ आला. लॉट परत करायचा का?

आधी तीन गोष्टी बघा. टोकापासून योग्य अंतरावर मोजलं का (प्रश्न १४). तुमच्या मशीनची अनिश्चितता किती, ती ०.०१ असेल तर ०.३१ आणि ०.३० यांत फरक सिद्ध झालेला नाही. आणि माप एकाच टर्मिनलचं आहे की ओळीतल्या सगळ्यांचं. सगळी रुंद असतील, तर कोरीव काम कमी झालेलं असू शकतं आणि त्या लीडफ्रेमची बाकीची पॅकेजेसही तशीच असतील. तो लॉट थांबवून उत्पादकाशी बोला. एकच टर्मिनल रुंद असेल, तर बहुधा करवतीने ओढलेलं तांबं आहे. तेव्हा रुंदीपेक्षा शेजारच्या टर्मिनलपर्यंतची फट मोजा आणि त्या आकड्यावर निर्णय घ्या.